एम.एस्सी. झालेली सिस्टर वॉर्डात का नाही?

नांदेड आणि लातूर ही शिकवणीची शहरे म्हणून साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहेत. दहावीचा निकाल लागला की परभणी-हिंगोलीपासून किनवट-माहूरच्या तांड्या-पाड्यांपर्यंतची मुले-मुली इथे खोल्या करून राहतात आणि दोन वर्षे ‘नीट’च्या गुणांमागे धावतात. एमबीबीएस हुकले की बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस अशी उतरंड सुरू होते आणि तिच्या बऱ्याच खालच्या पायरीवर बी.एस्सी. नर्सिंगचे नाव येते. पुष्कळ घरांत तो निर्णय नाइलाजाने घेतला जातो. तरीही चार वर्षे वॉर्डात उभे राहून, रात्रपाळ्या करून मुलगी पदवीधर परिचारिका होते, मुंबईच्या महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नाव नोंदवते आणि मग पुढे काय, असा प्रश्न तिच्यापुढे उभा राहतो. विद्यापीठापाशी या प्रश्नाला उत्तर आहे: एम.एस्सी. करा. रुग्णालयापाशी मात्र उत्तर नाही. एम.एस्सी. झालेल्या सिस्टरने वॉर्डात काय करायचे, हे आपल्या सरकारी रुग्णालयांनी आजवर ठरवलेलेच नाही. मराठवाड्यात पदवीधर परिचारिकांच्या उच्च शिक्षणाच्या जागा जरूर वाढाव्यात, पण त्याआधी त्या शिक्षणाला वॉर्डात पद मिळाले पाहिजे, हे माझे म्हणणे आहे. पद नसेल तर तीच पदवी शिकलेल्या परिचारिकेला रुग्णाच्या खाटेपासून उचलून दूर नेते, आणि आज नेमके तेच चालले आहे.

आधी या शिक्षणाची रचना पाहू, कारण रुग्णाच्या नातेवाइकाला पांढऱ्या गणवेशातली प्रत्येक जण सारखीच ‘सिस्टर’ असते. एएनएम दोन वर्षांची, जीएनएम ही पदविका तीन वर्षांची, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे. जीएनएम झालेल्या नोंदणीकृत परिचारिकेला दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एस्सी. करून पदवीधर होता येते. त्यापुढे दोन वर्षांचे एम.एस्सी. नर्सिंग, पाच शाखांत: वैद्यकीय-शल्य, बालआरोग्य, प्रसूती व स्त्रीरोग, मानसिक आरोग्य आणि सामुदायिक आरोग्य. प्रवेशासाठी पदवीला ५५ टक्के आणि किमान एक वर्षाचा कामाचा अनुभव लागतो. नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ पासून आहे, पण यांतले पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतात ते १९९८ मध्ये स्थापन झालेल्या नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडून. देशात परिचर्येची पदवी १९४६ मध्ये दिल्ली आणि वेल्लोर इथे सुरू झाली आणि दिल्लीलाच १९५९ मध्ये पहिले पदव्युत्तर वर्ग भरले. महाराष्ट्रात एसएनडीटी विद्यापीठाने १९६४ मध्ये लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय काढले. म्हणजे ही शिक्षणाची शिडी काही काल-परवाची नाही.

ती जाते कुठे, हा खरा प्रश्न आहे. सरकारी भरतीत अधिपरिचारिकेच्या पदाला जीएनएम चालते, बी.एस्सी.ही चालते आणि वेतनश्रेणी दोघींना एकच, ३५,४०० ते १,१२,४००. वर चढायचे तर परिसेविका, मग सहायक अधिसेविका, मग अधिसेविका. ही चढण ज्येष्ठतेची आहे आणि प्रत्येक पायरीला रुग्ण थोडा मागे पडतो. हाती येतात ड्युटीचे तक्ते, लिनन, भांडारातला साठा, रजेचे अर्ज. बालरोग परिचारिका, मनोविकृती परिचारिका अशी काही विशेष पदे आकृतिबंधात आहेत, पण ती थोडी आहेत आणि त्यांच्यापुढे वाट नाही. एम.एस्सी.ची अट जिथे खरोखर घातलेली आहे अशी जागा एकच, नर्सिंग महाविद्यालयातल्या अध्यापकाची. त्यामुळे अतिदक्षता विभागातले परिचर्याशास्त्र दोन वर्षे शिकलेली परिचारिका निकाल लागताच खडू-फळ्याकडे वळते. तिची यात चूक नाही. तिच्या शिक्षणाला नाव देणारी दुसरी खुर्चीच नाही. देशभर महाविद्यालये वाढली, अध्यापक हवे होते, एम.एस्सी. हा अध्यापनाचा परवाना झाला, आणि परिचर्येतली तज्ज्ञता वर्गात साचत गेली.

पदवीने रुग्णाला खरेच काही फरक पडतो का, हे आधी सिद्ध व्हायला हवे. तसे नसेल तर ही सारी मागणी एका व्यवसायाच्या मानपानाची ठरेल. याचा पुरावा आहे आणि तो भक्कम आहे. अमेरिकेतल्या लिंडा एकेन यांच्या गटाने २००३ मध्ये पेनसिल्वेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पदवीधर परिचारिकांचे प्रमाण दर १० टक्क्यांनी वाढले की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या मृत्यूची शक्यता सुमारे ५ टक्क्यांनी कमी दिसली. त्याच गटाचा मोठा अभ्यास २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला: नऊ युरोपीय देश, ३०० रुग्णालये, ४,२२,७३० रुग्ण, २६,५१६ परिचारिका. तिथे पदवीधरांच्या प्रमाणातल्या दर १० टक्के वाढीमागे मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी घटलेली आढळली, आणि एका परिचारिकेवर एक रुग्ण वाढला की ती ७ टक्क्यांनी वाढलेली आढळली. हे सहसंबंध आहेत, कार्यकारणभावाचा शेवटचा दाखला नाही, हे मान्य करायला हवे. चांगली रुग्णालये पदवीधर परिचारिका जास्त घेत असतील आणि मृत्यू इतर कारणांनी कमी होत असतील, ही शंका रास्त आहे. रुग्णांचे वय, आजार, रुग्णालयाचा आकार, उपलब्ध तंत्रज्ञान यांचा हिशेब वजा करूनही कल टिकला, आणि दक्षिण कोरियासारख्या अगदी वेगळ्या व्यवस्थेतही तो दिसला, म्हणून मी त्याला वजन देतो.

पण त्या २०१४ च्या अभ्यासातला आपल्या कामाचा निष्कर्ष आणखी पुढे आहे. ज्या रुग्णालयांत ६० टक्के परिचारिका पदवीधर होत्या आणि एकीवर सरासरी सहा रुग्ण होते, तिथले मृत्यूचे प्रमाण, ३० टक्केच पदवीधर आणि एकीवर आठ रुग्ण असलेल्या रुग्णालयांपेक्षा जवळपास ३० टक्क्यांनी कमी होते. शिक्षण आणि माणसांची संख्या ही दोन्ही एकाच वाक्यात आली आहेत, ती सुटी करता येत नाहीत. शिवाय हा परिणाम खाटेजवळ काम करणाऱ्या परिचारिकांचा आहे. वर्गात शिकवणारी एम.एस्सी. प्राध्यापिका या गणितात कुठेच धरलेली नाही. आपण पदवी वाढवली, पण जिथे मोजमाप होते त्या जागेवरून पदवीधर काढून घेतला, तर त्या पुराव्याचा आधार आपल्याला घेता येणार नाही.

नांदेडच्या विष्णुपुरीतले डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय २०२३ च्या ऑक्टोबरात देशभर गाजले. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर या २४ तासांत तिथे २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बालके होती; ४८ तासांचा आकडा ३१ वर गेला. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. एका खासदाराने अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावले आणि ती दृश्ये घरोघर पाहिली गेली. चर्चेचा भर औषधसाठा, खरेदी, स्वच्छता आणि खाजगी रुग्णालयांनी शेवटच्या क्षणी पाठवलेले रुग्ण यांवर राहिला. या गोष्टी महत्त्वाच्याच होत्या. पण तेव्हाच्याच बातम्यांत एक आकडा होता, त्यावर थांबून विचार व्हायला हवा होता: नवजात अतिदक्षता विभाग २४ खाटांचा आणि त्यात दाखल बाळे साठहून अधिक. भारतीय परिचर्या परिषदेच्या मानकाप्रमाणे अतिदक्षता विभागात खाटेमागे एक परिचारिका, म्हणजे प्रत्येक पाळीत तीन खाटांना एक, आणि त्यावर रजेसाठी ३० टक्के राखीव. २४ खाटांना पाळीत आठ जणी. सगळी पदे भरलेली आणि सगळ्या हजर आहेत असे धरले तरी साठ बाळे आली की एकीच्या वाट्याला सात ते आठ येतात. पदे रिक्त असतील तर हिशेब आणखी बिघडतो.

त्या सात-आठ बाळांपाशी उभी असलेली सिस्टर काय करते, ते जवळून पाहू. एका वॉर्मरवर दोन बाळे आहेत. एकाचे वजन बाराशे ग्रॅम. त्याला तासाला किती मिलिलिटर सलाईन जायचे, हे दशांश चिन्हाने ठरते, आणि पंपावर ते चिन्ह एक घर सरकले तर बाळाच्या फुप्फुसात पाणी भरते. ऑक्सिजन कमी पडला तर मेंदूला धोका. गरज नसताना जास्त दिला तर पूर्ण दिवस न भरलेल्या बाळाच्या डोळ्याच्या पडद्याला धोका. म्हणून मॉनिटरवरचा आकडा ९० ते ९५ च्या आत ठेवायचा, शंभर दिसला म्हणून समाधान मानायचे नाही. शेजारच्या बाळाला जंतुसंसर्ग सुरू होतो आहे. तो मोठ्या माणसासारखा तापाने कळत नाही. उलट बाळ गार पडते. काल नळीने दिलेले दूध पचत होते, आज पोट किंचित फुगले आहे, हातापायांचे तळवे गार आणि पोट गरम आहे, श्वास मिनिटाला साठच्या वर गेला आहे. यातले एकेक लक्षण क्षुल्लक वाटते. चारही एकत्र पाहणाऱ्याला ते वेळीच समजते. ती चार लक्षणे एकत्र पाहण्याची संधी चोवीस तास फक्त परिचारिकेला असते, कारण निवासी डॉक्टर लेबर रूम, कॅज्युअल्टी आणि वॉर्ड यांत विभागलेला असतो. बालआरोग्य शाखेत एम.एस्सी. करणारी विद्यार्थिनी दोन वर्षे नेमके हेच शिकते: सूक्ष्म बदल ओळखणे, संसर्ग पसरू न देणे, नव्या सिस्टरला हाताशी धरून शिकवणे, आणि कुठल्या पाळीत किती बाळांना संसर्ग झाला याची नोंद ठेवून त्यामागचे कारण शोधणे. त्या ऑक्टोबरात विष्णुपुरीतली बाळे केवळ परिचारिकेच्या शिक्षणाअभावी गेली, असे कोणी म्हणू नये. तसा पुरावा नाही. पण इतक्या गर्दीच्या विभागात प्रत्येक पाळीला अशी एक तज्ज्ञ परिचारिका असण्याची तरतूदच आपल्या आकृतिबंधात नाही, एवढे निश्चित म्हणता येते.

यावर पहिला आक्षेप लगेच येतो आणि तो वजनदार आहे. साध्या अधिपरिचारिकांची पदे रिकामी असताना तज्ज्ञ परिचारिकांची चैन कशाला? आधी माणसे भरा, पदव्यांचे मग पाहू. माणसे भरायलाच हवीत, याबद्दल दुमत नाही. बाह्यस्रोतामार्फत भरती करण्याच्या निर्णयाविरुद्ध राज्यातल्या परिचारिका मे २०२२ मध्ये संपावर गेल्या तेव्हा त्यांचेही हेच म्हणणे होते. पण ‘आधी हे, मग ते’ असा क्रम लावला की दुसरे कधीच येत नाही. सरोजिनी वरदप्पन यांच्या अध्यक्षतेखालच्या उच्चाधिकार समितीने १९८९ मध्ये परिचर्येच्या मनुष्यबळाबाबत आणि शिक्षणाबाबत शिफारशी केल्या. एक पिढी निवृत्त झाली, तरी दोन्ही प्रश्न तिथेच आहेत. डॉक्टरांच्या बाबतीत आपण असा क्रम लावला नाही. नांदेडचे महाविद्यालय १९८८ चे, लातूरचे २००२ चे. वैद्यकीय अधिकाऱ्यांची पदे ग्रामीण रुग्णालयांत रिकामी असतानाही दोन्हीकडे एमडी-एमएसच्या जागा आल्या, आणि त्या आल्या म्हणून आज रात्री दोन वाजता निवासी डॉक्टर हजर असतो. पदव्युत्तर शिक्षणाने मनुष्यबळ खाल्ले नाही, ते आणले. परिचर्येत तसे घडत नाही, कारण आपले एम.एस्सी. निवासी स्वरूपाचे नाही आणि विद्यार्थिनी वॉर्डाच्या मनुष्यबळात मोजली जात नाही. लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेला प्रधानमंत्री स्वास्थ्य सुरक्षा योजनेच्या तिसऱ्या टप्प्यात अतिविशेषोपचार रुग्णालय मिळाले. हृदय, मेंदू, मूत्रपिंड यांचे उपचार करायचे म्हटले की त्या त्या विषयात तयार झालेली परिचारिका लागते, आणि ती साध्या बदलीच्या आदेशाने तयार होत नाही.

दुसरा आक्षेप वॉर्डातूनच येतो, आणि मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. वीस वर्षे लेबर रूम सांभाळलेल्या जीएनएम सिस्टरपुढे काल पदवी घेऊन आलेल्या मुलीचे काय चालते? रक्तस्राव सुरू झाल्यावर कोणाचे हात आधी हलतात? हे बरोबर आहे, आणि म्हणूनच पदवीधर होण्याची पहिली संधी त्या जीएनएम सिस्टरला मिळाली पाहिजे. तिच्यासाठी पोस्ट बेसिकचा मार्ग कागदावर आहे. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचा, सेवेत असलेल्या परिचारिकांसाठीचा तीन वर्षांचा पर्यायही आहे. प्रत्यक्षात मात्र मुखेड किंवा औशाच्या सरकारी रुग्णालयातल्या सिस्टरला दोन वर्षे मोकळे व्हायचे तर अध्ययन रजा मंजूर व्हावी लागते, तिच्या जागी कोणी यावे लागते, नाहीतर इन्चार्ज तिला सोडू शकत नाही. सोडले तरी मुले-घर टाकून छत्रपती संभाजीनगर किंवा मुंबई गाठावी लागते. एवढे करून ती परत आली की त्याच वॉर्डात, त्याच पदावर, त्याच पगारात रुजू होते, आणि कित्येकदा शिकलेल्या विषयाशी संबंध नसलेल्या विभागात. बालरोग परिचर्या शिकून आलेलीला अस्थिरोग विभागात टाकले तर तिच्या दोन वर्षांवर सरकारनेच खर्च केलेला पगार वाया जातो. अनुभव विरुद्ध पदवी हा वाद म्हणूनच मला खोटा वाटतो. अनुभवी बाईला पदवीपासून अडवणारी व्यवस्था हा खरा मुद्दा आहे.

तिसरा आक्षेप डॉक्टरांचा. परिचारिकेला अधिकार दिले तर अर्धवट डॉक्टर तयार होतील, अशी भीती त्यामागे आहे. भारतीय परिचर्या परिषदेने २०१६-१७ च्या सुमारास अतिदक्षता विभागासाठी ‘नर्स प्रॅक्टिशनर’ हा दोन वर्षांचा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला, ज्यात बहुतांश वेळ प्रत्यक्ष रुग्णसेवेत जातो. तिने काय करायचे, कोणती औषधे कोणत्या मर्यादेत द्यायची, हे रुग्णालयाने ठरवून दिलेल्या नियमावलीत लिहिलेले असते. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाची नळी, डोक्याकडची उंची, तोंडाची स्वच्छता, गुंगीच्या औषधाची मात्रा यांवर सतत लक्ष ठेवणारी अशी परिचारिका डॉक्टरचे काम हिरावत नाही. डॉक्टरने सांगितलेले तो नसतानाही घडत राहील याची ती हमी देते. भीती घालवायला देगलूर-बिलोलीच्या पलीकडे पाहावे. बाळंतपणात सिझेरियनचे प्रमाण तेलंगणात देशात सर्वाधिक: २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ६०.७ टक्के, महाराष्ट्रात २५.४. तेलंगणाने २०१७ मध्ये युनिसेफ आणि हैदराबादच्या फर्नांडिस फाउंडेशनच्या मदतीने नोंदणीकृत परिचारिकांना १८ महिन्यांचे प्रसाविका प्रशिक्षण द्यायला करीमनगरपासून सुरुवात केली, आणि शिकून आलेल्यांना सरकारी प्रसूतिगृहांत त्याच कामावर नेमले. केंद्राने २०१८ मध्ये प्रसाविका सेवेची मार्गदर्शक तत्त्वे काढली तेव्हा हाच १८ महिन्यांचा आराखडा धरला. तेलंगणाने आधी काम ठरवले, मग शिक्षण आखले. आपण उलटे करतो.

मानसिक आरोग्याच्या शाखेत हे उलटेपण सर्वांत जास्त बोचते. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत धरणी हादरली. जखमा भरल्या, घरे बांधली गेली, पण झोप उडालेल्या, घरातले चार-चार जण गेलेल्या माणसांशी वर्षानुवर्षे बोलत राहायला लागणारे मनुष्यबळ लातूरपाशी नव्हते. पुढे शेतकरी आत्महत्यांनी तीच उणीव पुन्हा दाखवली. २०१५ मध्ये राज्याने विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांसाठी प्रेरणा प्रकल्प सुरू केला, त्यात नांदेड आणि लातूर दोन्ही आहेत. आशाताईंनी घरी जाऊन नैराश्याची लक्षणे विचारायची आणि गरज असलेल्याला जिल्हा रुग्णालयात पाठवायचे, अशी योजना. तिथे मनोविकारतज्ज्ञ असतो, पण एका जिल्ह्याला असे किती? औषध सुरू झालेला शेतकरी पुढच्या महिन्यात आला नाही तर त्याच्या गावी फोन कोणी करायचा, बायकोला धोक्याच्या खुणा कोणी समजावायच्या, औषधाने अंगात जडपणा आला म्हणून त्याने ते सोडले हे कोणी ओळखायचे? हे काम मानसिक आरोग्य परिचर्येत पदव्युत्तर शिकलेल्या परिचारिकेचे आहे. राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालये येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीत आहेत. मराठवाड्यातल्या विद्यार्थिनीला या विषयाचा पुरेसा अनुभव घ्यायचा तर प्रदेश ओलांडावा लागतो, आणि शिकून आल्यावर नेमणूक करण्याजोगी पदे जिल्ह्यात तुरळक. मग पाचही शाखांत हीच शाखा मुली सर्वांत शेवटी निवडत असतील तर त्यांना दोष कसा द्यायचा?

शिकलेल्या परिचारिका परदेशी निघून जातात, मग सरकारने त्यांच्यावर खर्च का करावा, असेही विचारले जाते. जातात हे खरे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने स्वतःच जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्यात परिचारिका आहेत. मुलीने परदेशी जावे की नाही हा तिचा हक्क आहे, आणि तो मी कमी लेखणार नाही. पण तिला घालवणारी कारणे इथेच आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २९ जानेवारी २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने खाजगी रुग्णालयांतल्या परिचारिकांना किमान २०,००० रुपये, आणि दोनशेहून अधिक खाटांच्या रुग्णालयांत सरकारी परिचारिकेइतका पगार द्यावा, असे सुचवले. अंमलबजावणी राज्यांवर सोपवली गेली. नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये किंवा लातूरच्या खाजगी दवाखान्यांच्या गल्ल्यांत हा आकडा आजही कसा लागू आहे, ते तिथल्या कोणत्याही सिस्टरला विचारावे. सरकारी सेवेत तरी सामुदायिक आरोग्य अधिकारी हे नवे पद आले, २५,००० मानधन आणि कामगिरीनुसार १५,०००पर्यंत भत्ता. ते बी.एस्सी. नर्सिंग झालेल्यांनाही खुले आहे, आणि भारतीय परिचर्या परिषदेने त्याचा अभ्यास पदवीतच घातला. महाराष्ट्रात मात्र या पदावर मोठ्या संख्येने आयुर्वेदाचे पदवीधर आले. त्यांच्याशी वैर नाही; पण परिचारिकेला उघडलेले हे नवे दारही तिच्यासाठी राखले गेले नाही, याची नोंद झाली पाहिजे.

आता शिक्षणाच्या बाजूचे दोष. पदव्युत्तर प्रबंधांचे विषय पाहिले की एक साचा पुन्हा पुन्हा दिसतो: अमुक विषयावरील नियोजित शिकवणीचा, अमुक शहरातील निवडक गटाच्या ज्ञानावर होणारा परिणाम. आधी प्रश्नावली, मग तक्ते दाखवून व्याख्यान, मग तीच प्रश्नावली. गुण वाढतात, प्रबंध मंजूर होतो, वॉर्डात काही बदलत नाही. त्याऐवजी अस्थिरोग विभागात किती रुग्णांना पाठीला जखमा झाल्या, कुठल्या पाळीत इंजेक्शनची नोंद चुकते, किनवटहून विष्णुपुरीला पोचेपर्यंत बाळाचे तापमान किती उतरलेले असते, असे प्रश्न विद्यार्थिनीने आपल्याच रुग्णालयाला विचारले तर दोन वर्षांत त्या रुग्णालयाला स्वतःची आकडेवारी मिळेल. यासाठी शिकवणारी आणि सेवा देणारी माणसे एकत्र हवीत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये परिचर्येचे अध्यापन आणि वॉर्डातली सेवा पूर्वीपासून एकत्र बांधलेली आहे. जी प्राध्यापिका, तीच वॉर्डाच्या दर्जालाही जबाबदार. आपल्याकडे महाविद्यालयाचा ट्यूटर वॉर्डात पाहुणा असतो आणि वॉर्डातली सिस्टर वर्गात.

केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये १,५७० कोटी रुपयांची १५७ नवी नर्सिंग महाविद्यालये मंजूर केली, पण ती २०१४ नंतर निघालेल्या वैद्यकीय महाविद्यालयांना जोडलेली. नांदेड आणि लातूर त्या व्याख्येत बसत नाहीत. इथले काही करायचे तर ते राज्यालाच करावे लागेल, आणि त्याची सुरुवात इमारतीने व्हायला नको. दोन्ही शासकीय रुग्णालयांत चार विभाग निवडावेत: नवजात अतिदक्षता, लेबर रूम, प्रौढांचा अतिदक्षता विभाग आणि मनोविकार. प्रत्येक विभागात प्रत्येक पाळीला एक तज्ज्ञ परिचारिका, म्हणजे बारा. रजा-राखीव धरून सोळा. दोन्ही मिळून ३२ पदे. अर्हता संबंधित शाखेतले एम.एस्सी. किंवा नर्स प्रॅक्टिशनर. वेतनश्रेणी परिसेविकेच्या खाली नको. ड्युटी वॉर्डातच, भांडार आणि तक्ते यांतून मुक्त. निम्मी पदे सेवेतल्या परिचारिकांसाठी, त्यांच्या अध्ययन रजेच्या काळात बदली माणूस देऊन. मनोविकारतज्ज्ञ परिचारिकेने आठवड्यातले दोन दिवस तालुक्याला जावे. आरोग्य विज्ञान विद्यापीठाने या ३२ जणींना क्लिनिकल मार्गदर्शक म्हणून मान्यता द्यावी, म्हणजे तिथेच निवासी पदव्युत्तर जागा सुरू करता येतील. दोन्ही महाविद्यालये मिळून दरवर्षी एमबीबीएसचे ३०० विद्यार्थी घेतात. त्यांच्या आकृतिबंधात ३२ पदांचा प्रस्ताव वैद्यकीय शिक्षण विभागाने वित्त विभागाकडे पाठवणे हे काम एका अर्थसंकल्पी वर्षात होण्याजोगे आहे. २०२३ च्या राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविकी आयोग कायद्याने राज्यांना स्वतःचे आयोग नेमायचे आहेत, आणि महाराष्ट्राच्या आयोगापुढे पहिल्याच बैठकीत हा विषय मांडायला मराठवाड्यातल्या परिचारिका संघटनांना आणि लोकप्रतिनिधींना कोणाची परवानगी लागणार नाही.